भारावरची चाचणी

बाळकृष्ण प्रधानांचे तूप बंद होऊन अकरा दिवस झाले होते. रक्तातली चरबी दीडशेच्या आत आली, तरच त्यांच्या वरणभातावर पुन्हा तूप पडेल, असा स्नेहलताबाईंचा हुकूम होता. गोरवा भागातल्या कारखान्यात तीस वर्षे विजेच्या मोटारी तपासून निवृत्त झालेल्या बाळकृष्णांना तपासणीचे भय नव्हते. आक्षेप होता तो पद्धतीवर.

"उपाशीपोटीचं रक्त म्हणजे भाराविना फिरवलेली मोटार," दांडिया बाजारातल्या लॅबमध्ये ते डॉक्टर निरुपमाला म्हणाले. ती शेजारच्यांची मुलगी. "आता घे, आणि खाल्ल्यावर चार तासांनी पुन्हा घे."

"घेऊ की, काका. मलाही बघायचंय."

"शिवाय तुलनेला एक निर्दोष यंत्र हवं." त्यांनी पत्नीकडे पाहिले.

"अहो, मी यंत्र?"

"प्रमाण यंत्र! तू कुठे तुपाला शिवतेस?"

स्नेहलताबाईंनी काहीशा अभिमानाने हात पुढे केला.

आठ वाजता दोघांनी रक्त दिले. नंतर मांडवीजवळ सारख्याच तर्रीची सेवउसळ आणि दोन-दोन पाव खाल्ले. स्नेहलताबाईंनी तिसरा मागितला. निष्कर्ष बिघडेल म्हणून तो नामंजूर झाला. साडेबारा वाजता पुन्हा रक्त.

संध्याकाळी लॅबमध्ये निरुपमाने दुपारच्या दोन काचनळ्या उजेडात धरल्या. एकीतला वरचा द्रव ताकासारखा पांढरट होता.

"ही सकाळची सेवउसळ. तिचं तेल तासन्‌तास रक्तात फिरतं. पांढऱ्या पेशीही वाढतात, काही जास्त सावध होतात."

"म्हणजे शरीर सेवउसळीला चोर समजतं?" बाळकृष्णांनी विचारले.

"चोर नाही, पण पहारा वाढवतं. कुणाचं कमी, कुणाचं जास्त."

"संपलं माझं तूप," बाळकृष्ण पुटपुटले.

"ही नळी काकूंची आहे, काका. उपाशीपोटी तुमची चरबी एकशे अडतीस, काकूंची दोनशे चौदा. काकू, तेलतूप सांभाळायला हवं."

स्नेहलताबाईंनी ती नळी स्वतः उजेडात धरून पाहिली.

"उद्यापासून घरात सगळ्यांनाच कोरडा वरणभात," स्नेहलताबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर तुम्ही तुपाची धार धरणार? जमायचं नाही."

"अगं, पण मी पास झालो!"

"आणि मला तपासायला कुणी आणलं?"

बाळकृष्णांनी खुर्ची हळूच टेबलाजवळ ओढली.

"निरू, एका माणसापुरतं तूप लिहून देता येतं का? औषधासारखं. दोन चमचे, भातावर?"

"देते की." निरुपमाने पेन उचलले. "पण काका, वाढणार कोण?"