मामांच्या उडीचा चौकोन

कोणतंही काम बरं चाललं असेल, तर ते कसं चाललं आहे हे कुणालाच धड सांगता येत नाही. ते समजून घेण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग एकच: काम बंद करायचं आणि ते करणाऱ्यांना एका खोलीत कोंडायचं. या कोंडण्याला डिझाइन वर्कशॉप म्हणतात.

आमचा कारखाना लाकडी शिड्या बनवतो. खरेदी, साठा, पगार, विक्री असा सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं मालकांनी ठरवलं, तेव्हा सॉफ्टवेअरवाले म्हणाले, आधी वर्कशॉप. प्रत्येक खात्यातून एकेक माणूस मागवला गेला. रंगखात्यातून मी गेलो. रंग वाळत असताना रंगारी रिकामाच असतो, असा सुपरवायझरचा जुना समज आहे, आणि त्या समजाचा त्या दिवशी प्रथमच कुणाला तरी उपयोग झाला.

वर्कशॉप घ्यायला आलेल्या सल्लागार बाई फार उत्साही होत्या. त्यांनी जन्मात शिडी बनवली नव्हती, आणि हीच त्यांची मुख्य पात्रता होती. (आदल्या आठवड्यात त्यांनी एका दवाखान्याचं वर्कशॉप घेतलं होतं. तिथे आदर्श स्थितीत रोग्यांची गरज नाही असं निघालं म्हणे.) त्यांनी भिंतीवर नियम लावले. कोणतीही कल्पना वाईट नसते. एका वेळी एकानेच बोलायचं. 'हे जमणार नाही' असं म्हणायचं नाही, 'हे दुसऱ्या टप्प्यात घेऊ' असं म्हणायचं. (दुसरा टप्पा कुठे असतो हे मी चौकशी करून पाहिलं. तिथे गेलेला कुणी परत आलेला नाही.)

पद्धत सोपी होती. काम आज कसं होतं ते पिवळ्या चिकट चौकोनी कागदांवर लिहायचं, कसं व्हायला हवं ते हिरव्या कागदांवर. मग हिरवे तेवढे ठेवून पिवळे फाडायचे. जे चौकोन उरतील त्यांची बाणांनी जोडून एक आकृती, आणि ती आकृती म्हणजेच सॉफ्टवेअर.

दुपारच्या चहापर्यंत लाकूड आलं, कापलं गेलं, पायऱ्या ठोकल्या गेल्या. सगळं पिवळ्यावर.

"शिडी तयार झाली," बाई म्हणाल्या. "पुढे?"

"पुढे मामा उड्या मारतात," सुपरवायझर म्हणाला.

"कुठे?"

"शिडीवर. प्रत्येक पायरीवर एक. सगळ्यात वर दोन."

बाईंनी कागदावर 'उडी' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. "आणि पायरी मोडली तर?"

"तर मामा पडतात."

"मग?"

"मग शिव्या देतात. सुताराच्या आईपासून सुरुवात करतात."

बाईंनी 'शिव्या' लिहिलं, खोडलं आणि 'अभिप्राय' लिहिलं.

इथे मामांची ओळख करून द्यायला हवी. मामा म्हणजे मालकांचे मेहुणे, मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. मालकांची मुलं मामा म्हणतात म्हणून सगळा कारखाना मामा म्हणतो. शिक्षण बेताचं, अंगात आळस, तोंड फाटकं, वजन एकशे दहा किलो. हे गुण जिथे एकत्र उपयोगी पडतील अशी नोकरी जगात एकच होती, आणि ती योगायोगाने मेहुण्यांच्याच कारखान्यात निघाली. ही गेली तर मामांना दुसरी मिळणार नव्हती. हे मामांना ठाऊक होतं, म्हणून तपासणी खात्याचे एकमेव प्रतिनिधी म्हणून ते पहिल्या रांगेत बसले होते. बिस्किटांची ताटलीही त्यांच्याच मांडीवर होती.

बाईंनी हिरवा कागद उचलला. "आता आदर्श स्थिती. आदर्श स्थितीत पायरी मोडते का?"

सुपरवायझरने डोकं खाजवलं. "आदर्श म्हटल्यावर कशाला मोडेल?"

"मग उडी कशासाठी?"

प्रश्नाला तोड नव्हती. सुतार म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. मी कुठे मोडकी बनवतो?" सुतार इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आईसकट सुरक्षित झाला होता.

"बाई, एक करू," मामा बिस्कीट चावत म्हणाले. "तुम्ही चढा वर. मी खाली आदर्श स्थितीत उभा राहतो."

"एका वेळी एकानेच बोलायचं," बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"एकच बोलतोय की! बाकीच्यांची दातखीळ बसलीय!"

ते खरं होतं. मग मतदान झालं. मीही हात वर केला. हात वर केल्याशिवाय कुणाला घरी सोडत नव्हते. उडीचा पिवळा चौकोन फाडण्यात आला. मागे बसलेल्या मालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की वर्कशॉपवर एवढा पैसा का ओतला होता. बायकोच्या भावाला मालक काढू शकत नव्हते. आकृती काढू शकत होती.

"मी कुठे काढला?" ते घरी म्हणाले म्हणे. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय. त्यात तोही होता, विचार त्याला." मालकीणबाईंनी आकृती उलटीसुलटी करून पाहिली. भांडायला त्यात तोंड असलेलं कुणीच सापडेना.

सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर फलक लावायचा होता. नव्या पद्धतीने बनलेली पहिली शिडी आणली गेली. मालक स्वतः चढणार होते. मामा नातेवाईक म्हणून हजर होते.

"भावोजी, थांबा! आधी मला चढू द्या."

"तुझं काम आता उरलेलं नाही," मालक चार लोकांत, हसतमुखाने म्हणाले आणि चढले. सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथे मामा दोन उड्या मारायचे, तिथे मालकांना एकही मारावी लागली नाही.

पाय दोन ठिकाणी मोडला. सॉफ्टवेअरमध्ये नोंद करायला गेलो तर अपघाताचा चौकोनच नव्हता. आदर्श स्थितीत अपघात कुठला? 'ग्राहक चढला' याच्यानंतर एकच पर्याय होता, 'ग्राहक उतरला'. तो निवडला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: उतरण्याचा वेळ अपेक्षेपेक्षा कमी, अभिनंदन.

दवाखान्यात मालकीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "माझा भाऊ असता तर आधी तो पडला असता."

"म्हणून तर ठेवला होता त्याला," मालक कण्हत म्हणाले. मामांना परत घ्यायचं ठरलं.

पण आकृतीला कुलूप लागलं होतं. माणूस वाढवायचा तर दुसरा टप्पा. शेवटी स्टोअरकीपरने वाट काढली. माणूस वाढवता येत नाही, सामान वाढवता येतं. मामांची नोंद साठ्यात झाली: वजन, वापरलेलं, नग एक. पगार देखभाल खर्चातून. साठ्यातलं सामान बाहेर काढायला मागणीपत्र लागतं. ते तपासणी खात्याने पाठवायचं असतं. तपासणी खातं म्हणजे मामाच होते, आणि सामानाला मागणीपत्र पाठवता येत नाही.

म्हणून मामा स्टोअरमध्ये खिळ्यांच्या डब्यांशेजारी खुर्चीवर बसून असतात. पगार वेळेवर होतो. "भाची परवा विचारत होती, मामा, तू हल्ली काय करतोस?" ते मला म्हणाले. "म्हटलं, शिल्लक आहे." एवढं बोलून त्यांनी सुताराला शिवी दिली. पूर्वीची मजा तिच्यात नव्हती.

शिड्या मात्र जोरात चालल्या आहेत. तक्रार एकही नाही. तक्रारीचा चौकोन कुठे आहे?

तुमच्या घरात यातलीच एक आहे. दारामागे उभी असेल. रंग मी दिलेला आहे आणि तो झकास आहे, लाकडातली चीर शोधूनही दिसायची नाही. दुकानात तुम्ही तिच्यावरून बोट फिरवलंत, भाव पाडलात आणि खांद्यावर टाकून घेऊन आलात. उडी मारून तुम्हीही पाहिली नाहीत. म्हणजे आमच्या वर्कशॉपमध्ये एक हात तुमचाही वर होता.

तेव्हा दिवा बदलायला खुशाल चढा. शिडी धरायला घरच्यांना हाक मारू नका, आकृतीत खाली कुणी उभं नसतं. तुमच्या उतरण्याची नोंद आम्ही आधीच करून ठेवली आहे.