मॅनेजरचं पथ्य

काळुराम पाटलाने कुत्र्याचं नाव मॅनेजर ठेवलं होतं. कंपनीत ज्याच्यापुढे तोंड उघडता येत नाही, त्याच्या नावाने घरी तरी ओरडता यावं, एवढाच हेतू. (ऐकत दोघंही नव्हते.)

पेणच्या डॉक्टरांनी रक्तात साखर काढली आणि काळुरामच्या ताटातून भात उठला. आता नाचणीची भाकरी आणि बिनमिठाचे मूग. "वाल तर विसराच," डॉक्टर म्हणाले. वालाचं बिरडं विसरून कासू गावात जगायचं कशासाठी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी त्याच्या बायकोला, धोंडुबाईला दया आली. "पथ्य पाळा. पँट ढिली झाली का एक दिवस वाल सोलीन, बिरडं करीन."

पण शिफ्ट करून दमलेल्या माणसाला नाचणी बघून आणखी दम लागतो. धोंडुबाई शेतावर. चुलीपाशी मॅनेजरचं टोप, त्यात कण्यांचा भात आणि सुक्या बोंबलांची डोकी. काळुरामने एकदाच अदलाबदल केली. एकदाच म्हणता म्हणता ते रोजचंच झालं. मॅनेजरनेही आधी नाक मुरडलं, मग भाकरी चाटूनपुसून खाऊ लागला. महिनाभरात त्याचं अंग चकाकायला लागलं. काळुरामच्या पँटचा हुक लागेना.

"आवो, नाचणीनं मानूस फुगतो?"

"अंगात पाणी धरलंय, गो."

रविवारी धोंडुबाई घरी होती. तिने दोघांना वाढलं. मॅनेजरने भात नुसता हुंगला, काळुरामच्या ताटातली भाकरी तोंडात धरली आणि आपल्या जागेवर जाऊन शांतपणे खात बसला. धोंडुबाईने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पोटाकडे. काळुरामने पोट आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला, तर दारातच बिरड्याचा वास! वाल सोलून तिची बोटं सुरकुतली होती. बायकोने माफ केलं या विचाराने त्याला गहिवरून आलं. हातपाय न धुताच तो पाटावर बसला. समोर आली नाचणी.

"नि बिरडं?"

"पथ्य पाळील त्याचं." तिने वाटी उचलून ओटीवर नेली. "ये रं, मॅनेजर."

मॅनेजरने वाटी हुंगली, मान फिरवली आणि काळुरामच्या भाकरीकडे बघत शेपूट हलवली.

"बघा, शिका कायतरी!" धोंडुबाईने भाकरी कुत्र्याला घातली. बिरडं तिने स्वतः खाल्लं, सोललं तिनेच होतं.

काळुरामच्या वाट्याला मॅनेजरचं टोप आलं. घासायला.