कर्दनकाळाच्या तावडीतून सुटलेला मी

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत सुपडूभाऊंनी एकूण सतरा माणसं मारली, आणि सतराही जण दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर भांडायला हजर होते.

सुपडूभाऊ सरकारी कचेरीत नकाशे गिरवायचे. घरी आले की शंभर पानी वहीत कॉमिक काढत. त्या काळी स्टँडजवळ कॉमिक भाड्याने मिळायची, पण त्यांतले नायक सुपडूभाऊंना फार मवाळ वाटत. त्यांचा नायक कर्दनकाळ. काळी माकडटोपी, काळा लोकरी कोट, हातात केळीचे घड कापायचा विळा. चौकशी नाही, कोर्ट नाही, थेट मुंडकं. जळगावच्या मे महिन्यात लोकरीत फिरून याला घामोळं कसं येत नाही, असं मी एकदा विचारलं.

"त्याला राग येतो, घाम येत नाही," ते म्हणाले.

स्वतः सुपडूभाऊ झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढत. रिक्षावाल्याने भलत्याच चौकात उतरवलं तरी गुपचूप चालत येत. कुणी पायावर पाय दिला तर हेच "सॉरी" म्हणत आणि मागून पुटपुटत, "नोंद घेतली." पुढच्या अंकात तो माणूस मेलेला असे.

नळाला मोटार लावणारे नाना त्याच मोटारीच्या पाइपात खेचले गेले. अंगणात सांडपाणी फेकणारी अक्का कुरडयांच्या चिकात बुडाली. हिवाळ्यात कॉलनीची भरीत पार्टी झाली, तिला सेक्रेटरीने सुपडूभाऊंना बोलावलं नाही. त्याला कर्दनकाळाने वांग्यांसोबत कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजला. वर हिरवी मिरचीही काढली होती.

अंकाची प्रत एकच. ती घरोघर फिरे. मेलेला माणूस स्वतःचा खून वाचून भडके आणि त्या घरात पुन्हा वही जात नसे. नानांनी तर ती चिमट्यात धरून परत केली.

मी मात्र प्रत्येक अंक नेमाने नेई. वर "पुढचा कधी?" असंही विचारी. कौतुक वगैरे काही नव्हतं. ऑफिसात डब्याच्या सुट्टीत मी तो आवाज काढून वाचायचो आणि मंडळी टेबलं बडवून हसायची. असल्या भेकड माणसाची कागदावरची मर्दुमकी म्हणजे आमचं लोणचं होतं.

हळूहळू ध्यानात आलं की मी सोडून अख्खी कॉलनी मेली. आधी बरं वाटलं. मग बायको म्हणाली, "तुम्हाला ते मोजतच नसतील." हे मात्र लागलं. ज्याला मी कवडीची किंमत देत नव्हतो, त्याने मला मारायच्याही लायकीचं समजू नये?

मी मुद्दाम त्यांच्या दारात स्कूटर आडवी लावली. "नोंद घेतली." पुढच्या अंकात दूधवाला मेला. मग त्यांची शिडी आणून ठेवून घेतली. "नोंद घेतली." या खेपेला पोस्टमन गेला. गुन्हा: वर्षभरात एकही पत्र आणलं नाही.

शेवटी शिडी खांद्यावर घेऊन मी त्यांच्या दारात गेलो.

"सुपडूभाऊ, मला का मारत नाही?"

त्यांनी टाक खाली ठेवला. "तुमचे दोन गुन्हे लिहिलेले आहेत, भाऊ."

"मग अडलं कुठे?"

ते टाक पुन्हा उचलून पुसू लागले. गडबडले की त्यांच्या तोंडात पारोळ्याकडची गावची बोली येई.

"बठ्ठासले मारी टाकं, भाऊ. आते वाचनारा तुम्ही एकलाच शेतस. तुम्ही मरी गयात तर मंग वाची कोन?"

आणि सगळ्यांना मारून उरलेल्या या एकुलत्या वाचकाच्या हातात त्यांनी नवा अंक दिला.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मंडळी म्हणाली, "काढा कर्दनकाळ." मी म्हटलं, अजून आला नाही. वही पिशवीतच होती. मला माझी लाज वाटत होती.

संध्याकाळी त्यांच्या पायरीवर बसून मी ती त्यांच्यासमोर वाचली. एकेक खून सावकाश वाचला. पान उलटलं की ते माझ्या तोंडाकडे बघत. मी हसलो नाही. वही मिटली आणि नेहमीसारखं विचारलं, "पुढचा कधी?"

"नोंद घेतली," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.