हंबकर येणार आहेत

आमच्या शेजारचे दिनूभाऊ वानखडे आवाजाचं वजन करतात. आवाज सुरात आहे की बेसूर, गोड की कर्कश, असल्या फालतू चौकशीत ते पडत नाहीत. डोळे बारीक करतात, मान एका बाजूला कलती करतात आणि निकाल देतात, "वजन नाई." आमच्या कुकरच्या शिट्टीला वजन नाही. गल्लीतल्या गणपतीच्या ढोलाला आहे, पण "पयल्या दिवशी होतं, मंग उतरलं." एक मंत्री येऊन तासभर भाषण ठोकून गेले तेव्हा दिनूभाऊ म्हणाले, "आवाज लय हाय, वजन नाई." त्यांचा हा एकच निकाल साऱ्या अकोल्याला पटला.

माझ्या मेहुणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींबद्दल हेच मत दिलं, आणि तेही माइकजवळ उभं राहून. भटजी अजून त्यांना ओळख दाखवत नाहीत.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं. दिनूभाऊ धरमकाट्यावर आहेत. भरलेला ट्रक काट्यावर चढवायचा, वजन घ्यायचं, चिठ्ठी फाडायची. पण मी सांगतोय त्या नापिकीच्या वर्षांत कापसाच्या गाड्याच कमी झाल्या होत्या. पेपरात रोज वऱ्हाडाचं नाव असायचं आणि एकदाही चांगल्या कारणासाठी नसायचं. काट्यावर माशा मारत बसायची पाळी आली, आणि रिकामा माणूस काय करील याचा काही नेम नसतो. दिनूभाऊंनी इलेक्ट्रिक गिटार घेतली.

ती अमरावतीच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची होती. लग्नाला ऑर्केस्ट्रा लावणारे कास्तकार आता बँजोवर भागवू लागले होते, त्यामुळे ऑर्केस्ट्राचा गिटारवाला मोबाइलची कव्हरं विकायला बसला आणि त्याची लाल गिटार आमच्या गल्लीत आली. आम्हाला वाटलं, चला, आता कोजागरीला गाण्यांची सोय झाली. कोजागरीला सगळे सतरंजीवर जमलो. दिनूभाऊंनी ध्वनिवर्धकाची पेटी लावली, सगळ्यात जाड तार एकदा छेडली, तिचा आवाज पार विरेपर्यंत ऐकला, "वजन नाई" म्हणाले आणि गिटार पिशवीत घातली. दूध चांगलं आटलं होतं म्हणून निभावलं.

"दिनूभाऊ, एखादं गाणं तरी शिका," मी एकदा म्हणालो.

"गानं वाजवनारे गल्लोगल्ली हायेत सर. आवाज पाहनारा कोन हाय, सांगा?"

मी मराठीचा मास्तर. 'पाहनारा' नाही, 'ऐकणारा', एवढी दुरुस्ती सुचवून मी घरी आलो.

मग त्यांना कोणीतरी सांगितलं की दोष गिटारचा नाही, पिकअपचा आहे. गिटारच्या तारांखाली छोट्या पट्ट्या असतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. वरची तार थरथरली की ही पट्टी ती थरथर पकडते आणि पेटीकडे धाडते. हा पिकअप. तो बदलला की आवाज भारी होतो, अगदी छातीवर येतो, असं दिनूभाऊंच्या मनानं घेतलं. त्यांनी गिटारमधला जुना पिकअप काढला आणि पानठेल्यावर कागद चिकटवला: 'पिकअप विकणे आहे. चालू स्थितीत.'

दुसऱ्याच दिवशी एक सरकीचा व्यापारी दारात हजर.

"पिकअप कुठी हाय?"

"आत कपाटात हाय."

व्यापाऱ्याने कपाटाकडे पाहिलं, मग दिनूभाऊंकडे पाहिलं. "कपाटात? किती क्विंटल उचलते?"

"उचलते कुठी? थेच तं रडनं हाय! वजनच येत नाई त्याच्यानं."

"मंग मले कायले इकून राह्यले?" असं म्हणून व्यापारी तणतणत गेला. टायर तरी दाखवायला हवे होते, असं तो पानठेल्यावर बोलल्याचं नंतर कळलं.

पण खरी धमाल झाली ती हंबकरांच्या वेळी. हंबकर हा पिकअपचाच एक प्रकार. त्यात एकाऐवजी दोन वेटोळी असतात आणि घरघर कमी होते, ही माहिती मला आज आहे. त्या दिवशी नव्हती. शोभावहिनींनी, म्हणजे दिनूभाऊंच्या बायकोने, नवऱ्याला फोनवर बोलताना ऐकलं: "हंबकर मुंबईहून निघाला काय? हो, उद्या पोचते न? बरं, बरं. मी घरीच हावो."

आता '-कर' म्हटलं की माणूस आलाच. वहिनी धावत आमच्याकडे आल्या. "भाऊजी, उद्या दुपारी तुमी आमच्याकडेच या. यांचे कोनी हंबकर म्हनून येऊन राहिले मुंबईचे. तिकडचे लोक शुद्ध बोलतात. यायनं तोंड उघडलं की संपलं."

हंबकर हे नाव मला जरा विचित्र वाटलं. पण आडनावांचं काही सांगता येत नाही. माझ्या वर्गात एक उंदीरवाडे होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून, केस बसवून गेलो. वहिनींनी वरण-बट्टी केली होती, वांग्याची भाजी मुद्दाम कमी तिखट. दिनूभाऊंना वाटलं, पिकअप येणार म्हणून बायकोला आनंद झाला आहे. ते बिचारे गहिवरले होते. तेवढ्यात कुरिअरवाला आला आणि साबणाच्या वडीएवढा एक खोका पुढे करून म्हणाला, "घ्या, सही करा."

"आला हंबकर!" दिनूभाऊ ओरडले.

वहिनी डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खोक्याकडे पाहिलं. त्या बाईचं धैर्य मोठं. शांतपणे कुरिअरवाल्याला म्हणाल्या, "हात धुऊन घ्या. पान वाढलं हाय." तो पोटभर जेवला. बट्टीवर तूपही मागून घेतलं.

एवढं होऊन हंबकरांनाही वजन नव्हतंच! मग दुसरा आला, तिसरा आला. हे बसवायचं काम रफिकभाईंचं. त्यांचं स्टेशनच्या बाजूला पाण्याच्या मोटारी भरून देण्याचं दुकान. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळणारा माणूस. त्यांच्या मते पिकअप म्हणजे चुकून लहान राहिलेली मोटार.

"दिनूभाऊ," ते सोल्डरिंगचा डाग लावता लावता म्हणायचे, "मोटर पानी देती है, पंखा हवा देता है. ये तुमारा डबडा क्या देता है?"

"समाधान देते."

"वो तो तुमको आज तक मिळालंच नाई."

दुपारी शाळेतून येऊन मी जरा पाठ टेकावी आणि भिंतीपलीकडून 'घ्रांव' व्हावं, हा माझा नित्यक्रम झाला. एकदा तर आमचा आरसा खिळ्यावरून निसटला. तक्रार करायला गेलो तर दिनूभाऊंचा चेहरा उजळला. "आरसा पडला? खरंच? कोन्त्या तारेवर पडला, सर?"

अशात चांदूर रेल्वेकडच्या खेड्यातून त्यांचे वडील आले. आम्ही त्यांना आबाजी म्हणू लागलो. उंच, वाळलेले, महानुभाव पंथाचे. भेटलं की हात जोडून "दंडवत" म्हणायचे. पुढे बोलणं नाही. गावाकडची विहीर आटली, मग शेत विकलं, मग आबाजींना एकटं ठेवायचं कुणासाठी म्हणून दिनूभाऊंनी त्यांना अकोल्याला आणलं. पण त्यांचं बूड काही इथं टेकेना. जेवण अर्धं, झोप त्याहून अर्धी. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत.

"करमत नाही का आबाजी?" मी विचारलं.

"इथं काई आयकूच येत नाई, मास्तर," ते म्हणाले.

आमचं घर हमरस्त्यावर. समोर ऑटोंचा थांबा, मागे पिठाची गिरणी आणि शेजारी दिनूभाऊ! मला हसू आवरेना. दिनूभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी मान कलती केली आणि बराच वेळ बापाकडे पाहत राहिले.

पुढच्याच आठवड्यात आबाजींनी जाहीर केलं, "सोमवारी मी रिद्धपूरले जातो. तिथं आपल्या पंथाच्या मठात राहीन. आता वापस येत नाई."

दिनूभाऊ म्हणाले, "बरं."

वहिनी आमच्याकडे येऊन रडल्या. मी दिनूभाऊंना चांगलं झापलं. "अहो, थांबा म्हणा की त्यांना! 'बरं' काय?"

"बापाले कसं म्हनू सर? आजपावतर त्यानं सांगतलं आन म्या आयकलं. उलटं कधी झालंच नाई."

"मग जाऊ देणार?"

"जाऊ नाई द्याचं," असं म्हणून ते गिटार घेऊन रफिकभाईंकडे निघून गेले. मी कपाळावर हात मारून घेतला. घरातून म्हातारा निघालाय आणि याला तार गुंडाळायची पडली आहे.

सोमवारी दुपारी मी स्कूटर काढली. आबाजींना एसटी स्टँडवर सोडायचं काम माझ्याकडे होतं, कारण सुपुत्र आतल्या खोलीत रफिकभाईंबरोबर दार लोटून बसले होते. आबाजी ओट्यावरच्या खाटेवर बसले होते. डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी. शोभावहिनी चौकटीला टेकून उभ्या होत्या. मला दिनूभाऊंचा संताप आला होता आणि आत जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं.

तेवढ्यात आतून आवाज सुरू झाला. नेहमीचं 'घ्रांव' नव्हे. सगळ्यात जाड तार पार उतरवलेली, तिच्यावर तळहात दाबून धरलेला, आणि एकामागून एक, न थांबता: धुग्... धुग्... धुग्... धुग्... ओटा खालून हलल्यासारखा वाटला.

आबाजींचं लक्ष रस्त्याकडे होतं. मान न वळवता ते म्हणाले, "पट्टा ढिल्ला हाय."

आवाज थांबला. खुंटी पिळल्याचा करकर आवाज आला. पुन्हा सुरू झालं, आता जरा आवळून. धुग्, धुग्, धुग्, धुग्.

"आता?" आतून दिनूभाऊंनी विचारलं.

"आता बरा हाय."

मी वहिनींकडे पाहिलं. "विहिरीवरचं इंजन, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "डिझलचं. जलमभर थ्या आवाजात झोपले बाबा. शेताच्या आधी थेच भंगारात गेलं. हे रफिकभाईले घेऊन कोना-कोनाच्या वावरात जाऊन इंजन आयकून आले. थ्या आवाजासाठी पिकअपची तार दोघायनं हातानंच गुंडायली."

आबाजींनी टोपी काढली. पाय वर घेतले आणि हळूच खाटेवर आडवे झाले. पिशवी उशाशी. डोळे मिटून विचारलं, "दिन्या, पानी कुठवर गेलं रे?"

आत आवाज चुकला नाही. "धुऱ्याच्या बांधापावतर गेलं, बाबा."

"जाऊ दे."

म्हाताऱ्याला खरंच भास होत होता, की पोराची गंमत त्याच्या लक्षात आली होती आणि तो ती चालू देत होता, ते मला आजही सांगता येत नाही. एसटीची वेळ झाली, टळली. मी स्कूटरची किल्ली खिशात घातली आणि ओट्याच्या पायरीवर बसलो. दरवाजाच्या फटीतून दिनूभाऊ दिसत होते. घामाने निथळत होते, रफिकभाई वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत होते, पण हात थांबत नव्हता.

आणि मग, त्या वर्षांत रोज जायची तशी, लाइन गेली. गिरणी बंद पडली, पंखा बंद पडला, आतली पेटी मुकी झाली. सगळ्या गल्लीत एकदम शांत झालं. वहिनींनी तोंडाला पदर लावला. आबाजींच्या पापण्या हलल्या.

"डिझल सरलं काय रे?"

आत गिटार खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग दिनूभाऊ म्हणाले, "हो बाबा. उद्या आनतो."

"सकायीच आन," आबाजी कुशीवर वळत म्हणाले. "वरचा वाफा राह्यला."

वहिनी पुढे झाल्या, त्यांच्या उशाची पिशवी अलगद काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.