काचेवरचे अडतीस कागद

"रॉडनी, काचांवरचे कागद कुठे गेले?"

ओहायोतल्या चिलिकॉथी गावाबाहेर व्हर्जिल स्टॅम्पर सव्वीस वर्षं जुन्या गाड्या विकत होता. त्या शुक्रवारी सकाळी आवारात अडतीस गाड्या लख्ख धुतलेल्या उभ्या होत्या आणि एकीच्याही काचेवर कागद नव्हता. हा छापील कागद कायद्याने लागतोच. गाडी वॉरंटीसकट विकायची की 'आहे तशी', त्या चौकोनात खूण करायची. कागद नसला की दंड, आणि तोही गाडीगणिक.

"मीच काढले, दाजी," रॉडनी म्हणाला. हा व्हर्जिलचा मेव्हणा, वय सत्तेचाळीस. "उद्या सेल ना? गाड्या धुतल्या. कागद बाकड्यावर ठेवले होते, तेवढ्यात पाण्याचा पाइप सुटला."

बाकड्यावर नुसता लगदा होता. व्हर्जिलला ओरडायचाही कंटाळा आला.

"त्यात आणखी ऐका," त्याची बायको आर्लीन दारातून म्हणाली. "शेजारच्या गावात वॉशिंग्टनचा सरकारी तपासनीस गिऱ्हाईक बनून फिरतोय म्हणे. एकेका गाडीला पन्नास हजार डॉलरच्या वर दंड होऊ शकतो."

"पन्नास हजार? अगं, माझी सगळ्यात महाग गाडी नऊ हजारांची आहे!"

"मग गाडी देऊन टाका त्यांना, आणि वर एक्केचाळीस हजार."

व्हर्जिल मटकन खुर्चीत बसला. तीन गाड्यांना दंड झाला तरी आवार विकावं लागणार होतं, आणि या वयात त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. "कोरे कागद काढा," तो म्हणाला. "आर्लीन, एक नमुना भरून दे. रॉडनी, तू बाकीचे लिही. आणि डोकं चालवू नकोस."

रॉडनीने डोकं मुळीच चालवलं नाही. आर्लीनने रांगेतल्या पहिल्या गाडीचा कागद भरून दिला. रॉडनीने त्याच्या सदतीस नकला केल्या, फक्त गाडीचं नाव, साल आणि नंबर बदलला. अकराच्या आत सगळे कागद काचांवर होते. लग्नापासून पहिल्यांदाच व्हर्जिलने मेव्हण्याची पाठ थोपटली.

साडेअकराला करड्या जाकिटातला एक म्हातारा आला. हातात वही. गाडीकडे बघेना, चाकाला लाथ मारून बघेना. प्रत्येक काचेपाशी थांबून कागद वरपासून खालपर्यंत वाचायचा.

"आला गं बाई!" आर्लीन पुटपुटली.

व्हर्जिल कॉफी आणि डोनट घेऊन धावला. "घ्या, साहेब."

"हे कागदावर लिहिलंय ते खरं?"

"काळ्या दगडावरची रेघ! शब्दाला जागणारा माणूस आहे मी."

"प्रत्येक गाडीचं?"

"प्रत्येक!"

"मग ही द्या," म्हणून त्याने कोपऱ्यातल्या एकोणीस वर्षांच्या व्हॅनवर हात ठेवला.

व्हर्जिलने तिचा कागद वाचला. पूर्ण वॉरंटी. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, बारा महिने. त्याने शेजारच्या गाडीचा वाचला. तेच. पुढच्या चार गाड्यांवरही तेच, आणि ही वॉरंटी तर फक्त रांगेतल्या पहिल्या, चांगल्या गाडीची होती.

"रॉडनी!"

"काय झालं? ताईने दिलं तस्संच लिहिलंय, दाजी. अक्षर इकडचं तिकडे नाही."

आता नाही म्हणावं तर हा सरकारी माणूस समोर उभा. हो म्हणावं तर भंगाराची हमी गळ्यात. व्हर्जिलने मुकाट्याने सह्या केल्या आणि किल्ली पुढे केली.

"आता तरी सांगा, तुम्ही वॉशिंग्टनचेच ना?"

"छे हो! मी डेटनचा, प्रुइट. माझंही असंच आवार होतं. वॉरंटी लिहायचो आणि पाळायचो नाही. एक दिवस ते आले. दंड भरता भरता जागा गेली, गाड्या गेल्या. तीस वर्षं लोकांना गाड्या विकल्या आणि आता बसच्या थांब्यावर उभा राहतो."

व्हर्जिलचा राग अर्ध्यातच विझला. या माणसाच्या जागी तो स्वतःच उभा असता. "चूक झालीय हे कळलं होतं तुम्हाला?"

"तिसऱ्या काचेलाच. पण मला परवडेल अशी हीच होती." प्रुइटने खिशातून पेन काढलं. "चला, पहिल्या गाडीचा सोडून उरलेले छत्तीस आत्ताच बदलू. त्या मेव्हण्याला मात्र पेन देऊ नका."

दोन वाजेपर्यंत दोघांनी सगळे कागद नीट लिहिले. मग प्रुइट व्हॅनमध्ये बसला आणि त्याने किल्ली फिरवली. व्हॅन एकदा खोकली आणि गप्प झाली. त्याने पुन्हा फिरवली. मग तो शांतपणे उतरला.

"कागदाची शेवटची ओळ वाचा बरं."

व्हर्जिलने वाचली. दुरुस्ती होईपर्यंत आवारातली कुठलीही एक गाडी वापरायला मोफत.

पाच मिनिटांनी प्रुइट रांगेतली पहिली गाडी घेऊन हात हलवत फाटकाबाहेर पडला.

"कधी होईल हो ती व्हॅन दुरुस्त?" आर्लीनने विचारलं.

व्हर्जिल व्हॅनच्या बॉनेटवर टेकून बसला होता. "हिचे भाग बनायचे बंद होऊन आठ वर्षं झाली," तो म्हणाला.