भालेरावकाकांचं ओमान

“तुमचे वडील टूरिझममध्ये होते का?” कुंपणापलीकडून शेजारच्या डच बाईंनी मंदारदादाला विचारलं. त्यांच्या हातात काकांनी दिलेला कागद होता: ओमान, सात दिवस, नाश्त्यासह.

“नाही. तिथल्या तेलाच्या कंपनीत स्टोअरकीपर,” दादा म्हणाला. “पण फिरले मात्र सव्वीस वर्षं.”

नेदरलँड्समधल्या टिलबर्गला दादाच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती. लॉकडाऊनमुळे ऑफिस बंद, त्यामुळे काम तिथूनच, आणि खिडकीतून सगळं ऐकू यायचं. दादाचे वडील, भालेरावकाका, तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली. तेव्हापासून ओमानही आमच्यातच राहायला होतं.

पोस्टमन, पार्सलवाला, समोरचे आजोबा, कुणी सुटलं नाही. दीड मीटर अंतर राखून काका त्यांना सलालाचे धबधबे सांगत. प्रत्येक वाक्याला “नोट करा”. सगळ्या जगाच्या सीमा बंद, आणि काका कुणी कोणत्या महिन्यात जायचं ते ठरवून देत. तिकडे नवीन हॉटेल झालं की इकडे जेवणाच्या टेबलावर जाहीर व्हायचं. “तेल काय, आज आहे, उद्या नाही. कासव दरवर्षी किनाऱ्यावर येतं. तिथल्या सरकारला उशिरा कळलं, एवढंच.”

दादा अशा वेळी ताट घेऊन उठायचा. एकदा वहिनीला म्हणाला, “आम्ही जळगावात पाण्याच्या टँकरच्या रांगेत, आणि यांच्या पत्रात काय, तर आज कासवं पाहिली. आई ती पत्रं देवापाशी ठेवायची. मी वाचणंच सोडलं.”

एका दुपारी कालव्याकाठी चालताना, काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “काका, कासवांना अंडी घालायला किती वेळ लागतो?”

काका थांबले. “तासभर. असं वाचलंय.”

“वाचलंय?”

“आमचा कॅम्प वाळवंटात होता गं. शुक्रवारी कपडे धुवायचे. दोन वर्षांनी सुट्टी, की थेट विमानतळ. स्टोअरमध्ये कंपनीचं कॅलेंडर असायचं. जानेवारीला किल्ला, फेब्रुवारीला धबधबा. महिन्याला एक चित्र, महिन्याला एक पत्र. नाहीतर घरी काय लिहायचं, आज पाईप मोजले? तुझ्या काकूला वाटायला हवं ना, माणूस बरा आहे.”

थोडं चालून म्हणाले, “मग माझी जागा तिथल्या मुलाला दिली. बरोबरच आहे, त्याचा देश. आता तेच पाहुणे बोलावतायत. मंदारबरोबर एकदा पाहुणा म्हणून जावं म्हणतो.” आणि लगेच, “हे नोट करू नकोस. मंदारला तर कळायलाच नको.”

विमानं सुरू झाली, तसा काकांनी घरातल्या चौघांचा कागद टेबलावर ठेवला. “सुरुवात कासवांपासून. नोट करा.”

दादाने कागदाला हातही लावला नाही. “बाबा, आम्ही पाणी भरत होतो तेव्हा तुमचं सगळं बघून झालंय. पुन्हा कशाला?”

“त्याचं बरोबर आहे,” काका वहिनीला म्हणाले आणि कागदाची घडी घालू लागले. माझ्याकडे बघून त्यांनी किंचित मान हलवली. नको.

या टेबलावर मी आजवर मीठ मागण्यापलीकडे फारसं बोलले नव्हते.

“दादा,” मी म्हणाले, “काकांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. ते तिथे फक्त काम करत होते.”