सकपाळांच्या हाताचं रीडिंग

६ जून १९९९, रविवार. टेम्पोतून उतरलेलं सामान चौतीस नग. हजर: शांताराम सकपाळ, त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी, मुलगी सुनीता, टेम्पोवाला आणि मधल्या दगडी गडग्याच्या अलीकडून मी.

सामान मोजायची मला सवय आहे. बांधकाम खात्यात सव्वीस वर्षं मी मोजमापंच घेतली. पण नवे शेजारी माझ्या पुढचे निघाले. टेम्पोवाला कपाटाशी झटत होता आणि सकपाळ पडवीत खुर्ची टाकून, एका हातात घड्याळ धरून स्वतःच्या दुसऱ्या हाताकडे बघत बसले होते. मग मुलीला म्हणाले, "अकरा वाजले. उजवा, सेकंदाला पाच. डावा स्थिर. लिही."

मुलीने गादीची गुंडाळी खाली ठेवली आणि लिहून घेतलं.

सकपाळांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली. दर तासाला मीटर बघायचे, आकडे लॉगशीटवर भरायचे आणि पाळी संपली की पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा. निवृत्तीआधी दीड वर्ष उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. निवृत्त झाल्यावर मीटर पोफळीला राहिले, पण हात बरोबर आला. मग सकपाळांनी त्याचंच लॉगशीट सुरू केलं: वेळ, उजवा, डावा, चाल, गोळी, शेरा. रोगामुळे त्यांचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं, म्हणून ते सांगायचे आणि सुनीता लिहायची. ती शाळेत शिकवायची. शाळेच्या वेळातली रीडिंग संध्याकाळी एकदम उतरवून घ्यायची.

"लोकांचे नवरे रिटायर झाले की बाग करतात," सुशीलावहिनी म्हणायच्या. "आमचे हात मोजतात."

त्यांच्याशी साधं बोलणंही सोपं नव्हतं. मी म्हणावं, "आज फार उकडतंय," तर ते विचारणार, "किती डिग्री?" मला सांगता आलं नाही की म्हणायचे, "भाऊ, रीडिंग सांगा, मत नको." हे वाक्य त्यांनी डॉक्टरांना, मासळीवालीला आणि एकदा माझ्या सासूबाईंनाही ऐकवलं होतं.

उंबऱ्यात त्यांचे पाय कधीकधी जमिनीला चिकटत. मागे कितीही माणसं खोळंबोत, ते शांतपणे जाहीर करत, "ट्रिप झालंय. थांबा. आपोआप येईल." पुढे वहिनींनी उंबऱ्यापलीकडे खडूने तीन आडव्या रेघा मारल्या. रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलायचा. वहिनी म्हणायच्या, "बाजारात जायचं असलं की ट्रिप होतं. चहाला हाक मारली की कधी झालेलं बघितलं नाही."

२००० साली मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टर चांगले होते. त्यांनी कागदावर मेंदू काढला. त्यात खोल, गडद रंगाचा एक लहानसा भाग दाखवला. तिथल्या पेशी डोपामिन नावाचा पदार्थ तयार करतात, हालचाल त्याच्या जोरावर चालते, आणि त्याच पेशी मरत जातात. हात थरथरायला लागतो तोवर बऱ्याचशा गेलेल्या असतात.

"का मरतात?" सकपाळांनी विचारलं.

"पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. पेशीच्या आत लहान लहान वीजघरं असतात. ती नीट चालेनाशी होतात."

सकपाळ खुर्चीत ताठ बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

"आणि एक प्रथिन असतं. त्याची घडी चुकली की ते पेशीत साठत जातं, त्याच्या गुठळ्या होतात."

"म्हणजे पाण्याच्या तोंडाशी जाळीला पाला अडकतो तसं," सकपाळ म्हणाले. "जाळी साफ करणारा माणूस रजेवर."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "जवळजवळ तसंच. काही मोजक्या घरांत त्या प्रथिनाच्या जनुकातच चूक सापडली आहे. तिथे रोग पिढीतून पिढीत जातो."

"मला मुलगी आहे," सकपाळ म्हणाले. "एकच."

"बहुतेकांचा रोग घराण्यातून आलेला नसतो. आणि तसा असलाच, तरी त्या प्रकारात प्रत्येक मुलाला चूक मिळायची शक्यता निम्मी. तुमच्या घरात आणखी कोणाला होतं?"

ज्या माणसाने तासातासाचे आकडे ठेवले, त्याच्याकडे स्वतःच्या घराण्याचं एकही रीडिंग नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी वंशवेल मांडायला घेतली. पुढच्या रविवारी आम्ही पावसला गेलो. तिथे त्यांचे काका भिकूआबा आणि त्यांचा मुलगा बबन राहत. सकपाळांनी ओटीवर बसून वही उघडली आणि आजोबांना भाऊ किती, कोणाला मुलं किती, असं विचारायला सुरुवात केली. एवढी चूक पुरली. आमच्याकडे चाकरमान्याने वही उघडून आजोबांची भावंडं मोजली, की ऐकणाऱ्याला सातबाराच दिसतो. तिथे सामाईक जमीन बारा गुंठे आणि आंब्याची तीन कलमं.

"शांतारामदादा," बबन म्हणाला, "तीन कलमांतलं एक तर वठलंय. त्याचाच हिस्सा घे."

"मला कलम नको. आबांचे हात बघायचेत."

हे आणखी वाईट झालं. आबांनी दोन्ही हात गोधडीत घातले. "अंगठा मी देणार नाय," ते म्हणाले. "पेन्शन खाऊन पोट नाय भरलं तुझं?"

"आबा, कागद कोरा आहे."

"कोऱ्यावरच अंगठा घेतात."

मी मध्ये पडलो आणि आजाराचं सगळं सांगितलं. बबन निवळला, पण आबा हात बाहेर काढेनात. सकपाळ मात्र गोधडीकडे बघत होते. उजव्या बाजूला ती एका ठेक्यात हलत होती. त्यांनी घड्याळ काढलं.

"सेकंदाला पाच," ते हळूच म्हणाले. "भाऊ, लिहा."

म्हणजे घरात दोघे. सकपाळांचे वडील मात्र तिशीत झाडावरून पडून गेले होते. त्यांच्या चौकटीत "रीडिंग नाही" असं लिहावं लागलं. मुंबईच्या डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत सुनीताला खेडशीचं स्थळ आलं. मुलगा तिच्याच शाळेत शिक्षक, तिच्याच पसंतीचा. बाकी होती ती त्याच्या आईची पसंती. आदल्या दिवशी सकपाळांनी जाहीर केलं की वंशवेल पाहुण्यांसमोर ठेवायची. "फॉल्ट न सांगता चार्ज द्यायचा नाही."

"बाबा, मी टर्बाईन नाही," सुनीता म्हणाली. "पण दाखवा. मलाही लपवायचं नाही."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जोरात लावू लागल्या. मी म्हटलं, "निदान 'बहुधा काही होणार नाही' एवढं तरी सांगा." सकपाळ काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, आणि ते तेच म्हणाले.

मुलाची आई, निर्मलाताई, अंगणवाडी चालवायच्या. त्यांनी वंशवेल पाहिली, सकपाळांचं सगळं ऐकून घेतलं, मग लॉगशीटं मागितली. तीही चाळली. अंगणवाडीत त्या मुलांच्या वजनाचे तक्ते भरत, म्हणून रकाने त्यांना पटकन समजले. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा कडेचा रकाना कसला? याला नाव नाही. रोज एक बारीक खूण आहे नुसती."

सकपाळांनी लॉगशीट परत घ्यायला हात पुढे केला.

"तो माझा," सुनीता म्हणाली. "रात्री जेवताना बाबा माझे हात बघतात. स्थिर असले की मी ताटं उचलायला गेल्यावर खूण करतात. त्यांना वाटतं मला कळत नाही."

"तुला कळतं?" सकपाळ म्हणाले.

"तुमचं लॉगशीट मीच लिहिते ना बाबा. म्हणून तर जेवून झालं की हात ताटाशेजारी ठेवून वायच बसते. तुम्हाला नीट बघता यावेत म्हणून."

वहिनी स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या राहिल्या. निर्मलाताईंनी एकेक पान उलटत सगळा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. मग शेजारी बसलेल्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "याच्या वडिलांना साखर होती. माझ्या नणंदेला वेडाचे झटके यायचे, ते आम्ही आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तेही लिहून घ्या." आणि सकपाळांकडे वळून म्हणाल्या, "दर रविवारी दोघांना इकडे जेवायला पाठवीन. हात तुम्हीच बघा. मला एवढं बारीक जमायचं नाही."

मे महिन्यात लग्न झालं. देणंघेणं काही झालं नाही. लॉगशीट लिहायचं काम माझ्याकडे आलं. कडेच्या रकान्यात आता सहा दिवस कोरे आणि रविवारी खूण. सकपाळांच्या गोळ्या वाढल्या, डावा हातही हलू लागला, पण रविवारी सकाळी उंबऱ्यात ट्रिप झाल्याची नोंद माझ्याकडे एकही नाही.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये सुनीता बाळाला घेऊन आली. सकपाळांनी त्याला मांडीवर घ्यायला नकार दिला. आपल्या हातांचा भरवसा नाही म्हणाले. सुनीताने त्यांना भिंतीला टेकून बसवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि बाळ ठेवलंच. आजोबांचे हात हलत होते, नातवाचेही हलत होते. सकपाळ बराच वेळ त्या दोन इवल्या मुठींकडे बघत राहिले. घड्याळ त्यांनी मागितलं नाही.

"लिहा, भाऊ," ते म्हणाले. "नातू. दोन्ही हात सारखे हलतायत."

"शेरा?"

"उत्तम."